खिडकीतले पाय

१

बेसमेंटमध्ये राहणाऱ्याला माणसं पायांवरून ओळखायची सवय लागते. लेमिंग्टनच्या आमच्या बेसमेंटला एकच खिडकी होती, ओट्याच्या वर, आडवी आणि अरुंद. बाहेरून ती जमिनीला लागून होती, त्यामुळं तिच्यातून आभाळ कधी दिसायचं नाही. दिसायचे ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय, तेही घोट्याच्या थोडे वरपर्यंत. सकाळी चहा घेताना मी आणि ताई पैजा लावायचो.

"हे पोस्टमनचे."

"हट्! पोस्टमन असा फेंगडा चालतो होय? शेजारचा म्हातारा आहे तो."

हरणारीनं भांडी घासायची. ताई बहुतेक वेळा जिंकायची, आणि हरली तर इतकं भांडायची की शेवटी भांडी मीच घासायची.

आम्ही मिरजेच्या. ताईनं शेतकीची पदवी घेतली, आधी एकटी इथं परदेशात आली, टोमॅटोच्या एका मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये नोकरीला लागली आणि मग मला ओढून आणलं. मी विंडसरला कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकत होते आणि शनिवार-रविवारी तिच्याच ग्रीनहाऊसच्या पॅकिंग लाइनवर टोमॅटो भरत होते. भाडं, माझी फी, माझे थंडीचे बूट, माझी रडारड, सगळं ताईच्या अंगावर होतं. ती ते ओरडत-ओरडत निभावत होती. सकाळी "ऊर्मे, ऊठ!" ही तिची आरोळी वरच्या घरमालकांनाही ऐकू जायची.

ताईचं नाव अवंतिका. पण ते मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. फार लहानपणी एकदा आईचं ऐकून "अवंतिकाऽ" म्हणाले होते, तेव्हा आईनं हात उगारला होता. "मोठी आहे ती तुझ्यापेक्षा. ताई म्हण." तेव्हापासून तिचं नाव तिच्या सर्टिफिकेटांवर राहिलं आणि माझ्यासाठी ती ताई झाली. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, आपल्याकडं घरोघरी असंच असतं.

२

पॅकिंग लाइनवर माझ्या शेजारी चायो उभी असायची. तिचं खरं नाव रोसारिओ, मेक्सिकोतल्या मिचोआकानची. दर वर्षी वसंतात यायची आणि डिसेंबरात परत जायची. तिचं इंग्रजी मोडकं आणि माझं स्पॅनिश त्याहून मोडकं, पण गप्पा मारायला तेवढं पुरतं. इथं मी ते सगळं सरळ मराठीतच सांगते.

"सप्टेंबरात तळ्याकाठी जा," ती म्हणाली. "केशरी फुलपाखरं जमतात. तळं ओलांडून ती आमच्या गावी येतात. नोव्हेंबरात पोचतात, बरोबर आमचे मेलेले लोक घरी यायच्या दिवसांत. माझी आजी म्हणायची, ती तीच असतात."

"म्हणजे आमच्या पितरांना कावळा आणि तुमच्यांना फुलपाखरू. चैन आहे तुमची," मी म्हणाले. तिला हे समजावून सांगण्यात पूर्ण ब्रेक गेला.

२०१६ चा सप्टेंबर होता. एका रविवारी दुपारी आम्ही बहिणी चालत गेलो. आमचाच रस्ता पुढं काचेच्या ग्रीनहाऊसच्या रांगांमधून सरळ ईरी तळ्यापर्यंत जातो. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. झाडांच्या फांद्या फुलपाखरांनी लगडल्या होत्या. ताईनं तिचा जांभळा स्वेटर घातला होता, पायांत पिवळ्या नाड्यांचे करडे बूट. फोटो काढता-काढता ती मागं सरकत पाण्यात गेली.

"ताई, बूट भिजतील."

"भिजू देत. हलू नकोस, तुझ्या डोक्यावर बसलंय एक."

पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत होतं, ह्याबद्दल मी आजही कुणाशी पैज लावीन. मग ती तिथं नव्हती. घसरली नाही, ओरडली नाही, हात वर केले नाहीत. नुसतं पाणी होतं. मी धावत जाईपर्यंत ती त्याच जागी वर आली आणि मी तिला काठावर ओढलं. डाव्या पायातला बूट गेला होता. हसू की रडू ते मला कळेना, म्हणून मी हसले. एरवी ताईनं मला चार शिव्या घातल्या असत्या.

"चल," एवढंच ती म्हणाली, आणि एका बुटानं घरापर्यंत चालत आली.

३

ताईला काही झालं नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. ती कामावर जायची, परत यायची आणि पलंगाच्या कडेला बसायची. चहा हातात दिला तर त्यावर साय धरेपर्यंत कप तसाच. खिडकीतून पाय जायचे. "सांग, कोण?" मी विचारायची. ती खिडकीकडं बघायची आणि मान पुन्हा खाली घालायची. भांडी घासायला उभी राहिली की नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकत राहायची. सकाळची आरोळी बंद झाली. मी आपली आपण उठायला लागले, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटायचं.

वॉक-इन क्लिनिकच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. विंटर येतोय, व्हिटॅमिन डी घ्या, स्ट्रेस कमी करा. मला ते पटलं. तिची पीआरची, म्हणजे इथं कायम राहायच्या परवान्याची, फाइल अडकली होती, परदेशात एकटीनं सगळं ओढत होती, कधीतरी माणूस थकणारच. न दिसणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास आहे, पण त्या सूक्ष्मदर्शकाखाली तरी दिसायला हव्यात.

फक्त तो जांभळा स्वेटर वाळत नव्हता. ड्रायरमध्ये घातला, हीटरसमोर टांगला, इस्त्री फिरवली. पिळला तर थेंब पडायचा नाही, पण हात लावला की गार आणि ओला. बेसमेंट आहे, ओल असायचीच, असं मी स्वतःला सांगत होते. त्याच दोरीवरचे माझे मोजे मात्र खडखडीत वाळायचे.

दिवाळीला मी आईला फोनवर विचारून-विचारून बेसनाचे लाडू केले. ताईनं एक हातात घेतला आणि तो हातात धरूनच झोपली. ऑफिसनं तिला रजेवर पाठवलं. त्या शनिवारी लाइनवर मी टोमॅटोंच्या खोक्यावर रडले तेव्हा चायोनं सगळं काढून घेतलं.

"सुस्तो," ती म्हणाली. "माणूस दचकतं, उठतं, घरी येतं. पण त्याची सावली तिथंच राहते, जिथं दचकलं तिथं. बोलवून आणावी लागते."

"कशी?"

आता चायोलाच नीट आठवेना. ब्रेकमध्ये तिनं मेक्सिकोला आपल्या बहिणीला फोन लावला आणि दोघी जाम भांडल्या. बहीण म्हणत होती नुसती काठावर हाक मारायची, चायो म्हणत होती सगळी वाट. शेवटी ठरलं ते असं. त्या दिवसाचं अंगावरचं कापड न्यायचं. पाण्याला काहीतरी गोड द्यायचं. मग कापड जमिनीवरून ओढत, नावानं हाक मारत घरी यायचं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, आणि दार उघडं ठेवायचं.

"नावानं," चायोनं पुन्हा सांगितलं. "तिचं नाव."

बुडत्याला काडीचा आधार. मी मान हलवली.

४

रविवारी दुपारी ताई झोपली असताना मी निघाले. दार उघडं ठेवलं, गरम हवा बाहेर जाते म्हणून घरमालक बोंबलतील ह्याची धास्ती होतीच. तळ्याकाठी कुणी नव्हतं. फुलपाखरं केव्हाच गेली होती. मी पाण्याच्या कडेला लाडू ठेवला, स्वेटरची एक बाही धरली आणि पाठ वळवली.

हाक मारायला तोंड उघडलं आणि अडले. अवंतिका. लहानपणीच्या त्या एका वेळेनंतर हे नाव माझ्या जिभेवर कधी आलंच नव्हतं. आई समोर नव्हती, मिरज पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तरी लाज वाटली. मोठ्या बहिणीला असं एकेरी नावानं, तेही मोठ्यानं, उघड्या रस्त्यावर? मी तर तिलाच बोलावतेय, म्हटलं. ताई काय आणि अवंतिका काय.

"ताईऽ," मी म्हणाले. "ताई, चल घरी."

वाळूवरून रस्त्यावर आले. स्वेटर मागं खरखरत होता. "ताई, चल. ताई गं, चल ना." पहिल्यांदा पुटपुटत होते, मग आवाज चढला, मग लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडत-रडत हाका मारत गेले. एक पिकअप ट्रक शेजारी थांबला. "यू ओके, हनी?" आतल्या बाईनं विचारलं. बोलायचं नव्हतं. मी तशीच पुढं चालत राहिले. त्या बाईनं त्या दिवशी घरी जाऊन काय सांगितलं असेल देव जाणे.

ग्रीनहाऊसपाशी येताना स्वेटर जड झाला. ओला आहे, वाळू भरली असेल. मग खरखरण्याच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला, ओल्या फरशीवर चालल्यासारखा. मी मागं पाहिलं नाही. खरं सांगते, मला आनंदच झाला होता.

घरात शिरून स्वेटर ताईच्या अंगावर घातला. तो कोरडा होता. ताईनं डोळे उघडले आणि हसली.

"आले गं," ती म्हणाली. "किती रडतेस."

५

दुसऱ्या दिवशी चहाच्या वासानं जाग आली. ताई ओट्यापाशी उभी होती, अंगात जांभळा स्वेटर. मी जाऊन तिला मागून मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही.

चहात आलं नव्हतं आणि साखर पाकासारखी. आजारपणात तोंडाची चव जाते. ती कप दोन्ही हातांनी धरून प्यायची. मग मला समोर बसवून माझे केस विंचरायला लागली आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. ताईनं जन्मात माझी वेणी घातली नव्हती, तेवढा धीरच नव्हता तिला. "कॉलेजला अशी जाऊ मी?" म्हटलं तर नुसती हसली. मी तशीच गेले. वर्गात सगळे हसले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

ती आता भांडायची नाही. पैज लावली की मुद्दाम हरायची आणि भांडी घासताना काहीतरी गुणगुणायची, शब्द नसलेलं. रात्री माझं पांघरूण नीट करायची. ताटातला चांगला तुकडा माझ्या ताटात टाकायची. सकाळी "ऊर्मे" अशी आरोळी नाही, तर कपाळावर हात. इतकी माया मला त्या देशात कुणी केली नव्हती. एवढं असूनही मी तिच्याकडं चोरून बघत असायची.

लॅपटॉपचा पासवर्ड तिला आठवेना. गाडीची किल्ली पुढं केली की ती हात मागं घ्यायची. आईनं व्हिडिओवर "अवंतिका, बरी दिसतेस गं!" म्हटलं, तर तिनं वळून मागं बघितलं, आई कुणाला बोलावतेय ते. मग फोन माझ्याकडं दिला.

"परकी झाले का मी हिला?" आई दुखावून म्हणाली.

"औषधं चालू आहेत आई. झोप येते तिला." कसलीही औषधं चालू नव्हती.

आणि खिडकी. मोठ्यांच्या पायांकडं ती बघायचीच नाही. शाळा सुटून पोरं जायला लागली की मात्र ओट्याला रेलून एकेका छोट्या बुटाकडं बघत राहायची.

"कुणाची वाट बघतेस ताई?"

"धाकटीची."

"अगं, धाकटी मीच की!"

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. माझ्या केसांवरून हात फिरवला.

"हो की," ती म्हणाली. "केवढी मोठी झालीस."

६

नोव्हेंबर संपता-संपता आम्ही विंडसरला इंडियन ग्रोसरीत गेलो. मी पिठाच्या पोत्यांपाशी होते. पलीकडच्या रांगेत कुणाची तरी लहान मुलगी चुकली आणि रडवेल्या आवाजात तिनं हाक मारली, "ताई... ए ताईऽ!"

माझ्या शेजारून ताई धावली. हातातली डाळीची पिशवी पडून फुटली, तिचं लक्ष नव्हतं. मी पोचले तेव्हा ती जमिनीवर गुडघे टेकून त्या मुलीला छातीशी धरून डोलत होती. "आले, आले. रडू नको." तेवढ्यात त्या मुलीची खरी बहीण आली, शाळकरीच होती, आणि मुलगी ताईच्या हातांतून सुटून तिच्याकडं पळाली. ताईचे हात तसेच पुढं राहिले. तिचा चेहरा मला बघवला नाही.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. ग्रीनहाऊसचे दिवे लागून बाहेर सगळं केशरी झालं होतं. ती माझ्या मागं शेगडीपाशी दूध तापवत होती. मी ओट्यावर सामान काढून ठेवत होते आणि सवयीनं खिडकीकडं बघितलं.

पाय उभे होते. चालत नव्हते. डाव्या पायात करडा बूट होता, भिजून काळपट झालेला, पिवळी नाडी सुटलेली. उजवा पाय उघडा होता.

करड्या बुटांच्या त्या जोडीतला उजवा बूट आमच्या दाराशी फळीवर पडून होता. तिथून तो मला दिसत होता. डावा तळ्यानं नेला होता.

पाय वळले. बुटाचं टोक काचेकडं झालं. मी मागं बघितलं. दूध उतू जात होतं, आणि ती खिडकीकडंच बघत होती. घाबरलेली नव्हती. दुसऱ्याच्या रिझर्व्हेशनवर बसलेल्या माणसानं जागेचा मालक आल्यावर बघावं, तशी.

"तिची जागा आहे ना ही?" तिनं हळूच विचारलं.

पुन्हा बघितलं तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं. बर्फ पडलेलं नव्हतं, त्यामुळं ठसेही नव्हते. भास, मी म्हटलं. दिवसभराचा ताण. पण शेगडी पुसताना मी पुन्हा पुन्हा खिडकीकडं बघत होते.

शनिवारी चायोला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "काय म्हणून हाक मारलीस?"

"ताई."

"ते तिचं नाव?"

"नाही. मोठ्या बहिणीला म्हणतात. सगळ्याच मोठ्या बहिणींना."

चायोनं हातातले टोमॅटो खाली ठेवले आणि छातीवर क्रूस काढला.

"पण इथं मराठी ताई कुठून येणार?" मी वाद घातला. "तो शब्द कळणार कुणाला?"

"शब्द कोण ऐकतंय? धाकटी रडतेय एवढं कुठल्याही मोठीला कळतं." तिनं टोमॅटो परत उचलले. "जिला आणलंस तिला पोचवून ये. मग तुझीला बोलाव. आजीनं हे काही सांगितलेलं नाही, मला आपलं वाटतं. आणि लवकर जा. आमच्याकडं पाणी गोठत नाही, त्यामुळं गोठल्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी ताई बाहेर थंडीत एका बुटानं उभी होती, आणि ज्या घराचं भाडं ती भरत होती त्या घरात तिला जागा नव्हती. आणि आत होती तिनं माझं काय वाईट केलं होतं? मी रडले म्हणून आली होती बिचारी. तिनं येऊन माझं पांघरूण नीट केलं. मी तिचा हात धरला आणि झोपेचं सोंग घेतलं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला म्हटलं, "चल, जरा तळ्यापर्यंत जाऊन येऊ."

तिला कळलं होतं. काही न विचारता तिनं मला समोर बसवून वेण्या घातल्या, नेहमीपेक्षा सावकाश. मी तिला कुंकू लावलं. उठताना फ्रिजमधलं दही काढून चमचाभर तिच्या तळहातावर घातलं. घरातून बाई निघाली की तिच्या हातावर दही घालायचं, हे अंगवळणीच पडलेलं असतं. मी विचार केला नाही. तिनं ते लहान मुलासारखं चाटून खाल्लं.

बाहेर धुकं होतं. आम्ही हातात हात घालून चाललो. तिचा हात गार असता तर बरं झालं असतं. तो उबदार होता. स्वेटर तिच्या अंगात होता, म्हणून दुसऱ्या हातात मी ताईची कॉलेजातली जुनी ओढणी घेतली होती. वाटेत ती गुणगुणत होती आणि मला ती चाल आता पाठ झाली होती.

काठावर पापडासारखं पातळ बर्फ धरलं होतं. पुढं सगळं पांढरं. ती थोडा वेळ बघत राहिली.

"तिथं कुणी हाक मारत नाही," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिनं पाठीवरून हात फिरवला, मग स्वेटर काढला, नीट घडी घालून वाळूवर ठेवला. त्याच्यावर मी शेवटचा लाडू ठेवला. ती पाण्याकडं तोंड करून बसली आणि मला म्हणाली, "जा तू. रडू नको."

मी पाठ वळवली. ओढणी जमिनीला लावली.

"अवंतिका," मी म्हणाले. "अवंतिका. अवंतिका, चल घरी! अवंतिकाऽ!"

मागं बराच वेळ काही नव्हतं. मग खडीवर थंडीच्या बुटांचा आवाज आला. जड, अडखळत, पण येत होता. मी हाका मारत राहिले. ग्रीनहाऊसपाशी त्या आवाजाच्या शेजारी दुसरा आवाज आला, हलका, ओला, भरभर पावलांचा. मी मान ताठ धरून चालत राहिले. आमच्या कोपऱ्यावर तो मागं पडला.

दारातून आत शिरले, भिंतीला टेकून उभी राहिले.

"ऊर्मे!" मागून आवाज आला. "नावानं काय हाका मारतेस गं रस्त्याभर? लाज आहे का? आणि दार सताड उघडं टाकून गेली होतीस! हीटिंगचं बिल तुझा बाप भरणार आहे का? माझा स्वेटर कुठाय? कुडकुडून मेले मी."

मी खाली बसले आणि इतकी हसले की तिनं घाबरून मला पाणी आणून दिलं.

८

ताईला मधलं काही आठवत नव्हतं. "फार झोपले ना मी?" एवढंच. ती कामावर रुजू झाली. चहात आलं आलं, पैजा आल्या, भांडणं आली. चायो डिसेंबरात गावी गेली. जाताना तिनं ताईच्या डोळ्यांत वाकून बघितलं आणि मान हलवली. तळ्याकाठचा स्वेटर दुसऱ्याच दिवशी नव्हता, लाडूही नव्हता. रॅकूननं नेलं असेल. रॅकून काहीही नेतात.

एकच बदल झाला. मी तिला अवंतिका म्हणायला लागले. आई फोनवर चिडली, "तिकडं जाऊन हेच शिकलात का?" ताई पहिल्यांदा हसली, मग तिलाही टोचायला लागलं. मी काय सांगणार? 'ताई' तोंडात आलं की मी तो शब्द गिळायची. मला आयुष्यात सगळ्यात आधी जे चार शब्द बोलता आले, त्यातला तो एक होता.

जानेवारीतली रविवारची सकाळ होती. बाहेर बर्फ पडत होतं. ताई खिडकीकडं पाठ करून टेबलापाशी बसली होती, कपात बघत.

"एक विचारू?" ती म्हणाली. ताई असं विचारून कधी विचारत नाही. "मी आजारी होते तेव्हा तुला काही बोलले का? काही लागलं का तुला? इतकं परकं का केलंस मला?"

"नाही गं. काही नाही."

"मग ताई म्हण की एकदा." तिनं कप बाजूला सारला. "ताई म्हण ना."

खिडकीत पाय होते. केव्हापासून होते कोण जाणे, रस्त्याकडं तोंड करून उभे. तो शब्द उच्चारला गेला तसे ते वळले.

दोन्ही पाय उघडे होते आणि लहान होते, आठ-दहा वर्षांच्या मुलीचे असतात तेवढे. घोट्यांपाशी जांभळ्या बाह्या लोंबत होत्या. स्वेटर तिला फार मोठा होता.

हातावर दही कशासाठी घालतात ते मला तेव्हा आठवलं. गेलेल्या माणसानं सुखरूप परत यावं म्हणून.

मी पडदा ओढायला उठले. हात पडद्याला लागला आणि तिथंच राहिला. ताई मागं रडत होती. बाहेर बर्फ वाढत होतं, आणि ते पाय अनवाणी होते.